पाणीपातळीचे संदेश आणि जिवाची धडधड

महोदय,

पावसाळ्यात सांगलीत कोयना धरणाचा विसर्ग आणि आयर्विन पुलाजवळील कृष्णेची पाणीपातळी याशिवाय दुसरा विषय नसतो. २००५, २०१९ व २०२१ चे महापूर सोसलेल्या शहरात ते स्वाभाविकच आहे. परंतु इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट असताना, पाणी पंचविशीत असतानाच तारीख नसलेले संदेश व जुन्या पुराच्या चित्रफिती व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. असाच एक संदेश वाचून आमच्या शेजारच्या काकूंना दरदरून घाम फुटला, हातांना मुंग्या आल्या आणि हृदयविकाराच्या शंकेने मध्यरात्री दवाखाना गाठावा लागला. ईसीजी निर्दोष निघाला, तेव्हा ‘काही झालेले नाही’ असे सांगून त्यांची बोळवण झाली, हे मला अधिक खटकते. छातीत दुखल्यास तपासणी हवीच. पण भीतीचा झटका काही मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरत असला, तरी तो त्रास खराच असतो.

प्रशासनाने पाणीपातळीच्या प्रत्येक संदेशावर तारीख, वेळ आणि ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, गावभाग, सांगली