प्रेरणा पुरे, कागद किती जीएसएमचा ते छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या सातारा आवृत्तीत स्थानिक चित्रकारांच्या मुलाखती अधूनमधून येतात, सोबत एखादं निसर्गचित्रही छापलं जातं. ऊसदर, खड्डे आणि पतसंस्थांच्या निवडणुका यांच्या गर्दीतून चित्राला दोन कॉलम निघतात, याचं मोल आम्ही जाणतो. तक्रार वेगळी आहे. पहिला प्रश्न ठरलेला, ‘प्रेरणा कुठून मिळाली?’ उत्तरही ठरलेलं, ‘निसर्गाची लहानपणापासून ओढ.’ चित्राखाली ओळ येते ‘निसर्गाची मुक्त उधळण’. चित्र केवढं, जलरंग की तैलरंग, कागद किती जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाचा), कुठे बसून काढलं, कोणत्या महिन्यात, किती वाजता, यातलं काहीच नसतं. शिकणाऱ्याच्या उपयोगाचं तेवढंच नेमकं गळतं. ते का छापावं हे सांगायला हे पत्र, थोडं लांबेल.

आधी वेळ. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. जागेवर बसून हाफ शीटचं, म्हणजे १५ बाय २२ इंचांचं जलरंग चित्र करायला दोन-अडीच तास लागतात. सुरुवातीला असलेली सावली शेवटी तिथे नसते. म्हणून पहिल्या पंधरा मिनिटांत सावल्यांच्या कडा पेन्सिलीनं आखून घ्यायच्या आणि पुढे ऊन कुठेही जावो, त्या हलवायच्या नाहीत. ज्यांनी हे केलेलं नसतं त्यांचं चित्र लगेच ओळखू येतं: देवळाची सावली सकाळी नऊची आणि दीपमाळेची दुपारी दोनची. उन्हाळ्यात साडेसात ते साडेनऊ आणि चारनंतर, एवढाच वेळ कामाचा. मधल्या उन्हात सावली पायाखाली जाते आणि वाईजवळच्या मेणवलीचा कृष्णाकाठचा घाट पत्र्यासारखा सपाट दिसतो. चित्राखाली ‘सकाळी ८’ एवढं छापलं, तरी बघणारा पोरगा सावल्या तपासून बघेल.

मेणवलीचा विषय निघालाच आहे तर पायऱ्यांचं सांगतो. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट काढायला दर हिवाळ्यात मुलं येतात आणि दहातली आठ पायऱ्यांच्या जागी वहीच्या रेघा मारून जातात. पायरीला दोन अंगं असतात, एक उभं आणि एक पाय ठेवायचं आडवं. नजरेच्या पातळीच्या वरच्या पायऱ्यांची फक्त उभी अंगं दिसतात. पातळीच्या खाली जाल तसं आडवं अंग रुंद होत जातं. म्हणजे पाण्याजवळ, अगदी खालच्या पायरीवर बसलात तर वर नुसती एकावर एक चढलेली भिंत दिसते. वर बसलात तर खाली उन्हाचे पट्टे दिसतात. उन्हात आडवं अंग उजळ आणि उभं गडद असेल, तर घाटाचा सगळा उजेड या रुंदीच्या बदलातच असतो. पेन्सिल घेण्याआधी आपली नजर कितव्या पायरीला लागते ती मोजावी आणि कागदावर तिथे आडवी रेघ मारावी. एवढं केलं की निम्मं चित्र सुटतं.

पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची उलटी नक्कल नव्हे. गडद वस्तूचं प्रतिबिंब तिच्याहून थोडं उजळ, उजळ वस्तूचं थोडं मळकं. पाणी हललेलं असेल तर ते उभं लांबतं, आडवं पसरत नाही.

आता दगड. आपल्याकडे सगळं काळ्या पाषाणात आहे म्हणून मुलं ट्यूबमधला काळा रंग उचलतात. कागदावर तो काळा वाळला की भोक पडल्यासारखा दिसतो. बेसाल्ट काळा नसतोच. सकाळच्या तिरप्या उन्हात तो तांबूस करडा, दुपारी निळसर, आणि भिजला की जांभळट तपकिरी होतो. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन ब्लू हे दोनच रंग पुरतात. सावलीसाठी दोन्ही जवळजवळ सारखे आणि पाणी कमी. उन्हातल्या दगडासाठी सिएना जास्त, निळा नावाला आणि पाणी भरपूर. पॅलेटवर पूर्ण घोटू नयेत, अर्धवट मिसळून कागदावरच भेटू द्यावेत. अल्ट्रामरीनचे कण पाण्यात एकत्र गोळा होतात. कोल्ड प्रेस, म्हणजे खडबडीत पोताच्या, कागदाच्या खळग्यांत ते बसतात आणि वाळल्यावर दगडाचा रवा आपोआप उमटतो. तो ब्रशनं ठिपके देऊन काढायला जाऊ नये. हीच युक्ती गुळगुळीत हॉट प्रेस कागदावर केली तर रवा धरत नाही आणि चित्रकार रंगाला नावं ठेवतो. म्हणून म्हणतो, कागद छापा.

वाईचा ढोल्या गणपती १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधला. पुराचं पाणी दुभंगावं म्हणून देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे. जिल्ह्यात या देवळाची शेकड्यांनी चित्रं झाली असतील. बहुतेक सगळी समोरून. मागची ती निमुळती भिंत, तिच्यावर सरकत जाणारा उजेड आणि खाली कृष्णा, हा विषय जवळजवळ कोरा पडून आहे. विषय संपले असं म्हणणाऱ्यांनी देवळाला एक प्रदक्षिणा घालावी.

डोंगरांबद्दल जरा कडक लिहितो. दोन त्रिकोण, मध्ये उगवता सूर्य, पुढे नदी आणि झोपडी, हे चित्र कोकणापासून विदर्भापर्यंत शाळाशाळांत निघतं. निदान साताऱ्याच्या मुलानं तरी ते काढू नये, कारण खिडकीतून त्याला अजिंक्यतारा दिसतो आणि त्याचा माथा सपाट आहे. यवतेश्वर सपाट, सज्जनगड सपाट, वाईकडे पांडवगड, वैराटगड बघा. इथला डोंगर लाव्ह्याच्या आडव्या थरांचा आहे. कठीण थराचा उभा कडा होतो, ठिसूळ थर झिजून उतार होतो, खाली पुन्हा कडा. चित्रात हे कड्याचे पट्टे वेगवेगळ्या डोंगरांवर साधारण एकाच पातळीत येतात. ते साधलं की नाव न लिहिताही डोंगर सह्याद्रीचा दिसतो. कड्याला कोरड्या ब्रशचा फटकारा, उताराला ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर. उलट केलंत तर हिमालय होतो.

‘दूरचे डोंगर निळे’ हा ड्रॉइंगच्या तासाचा नियमही महिना बघून वापरावा. ऑक्टोबरात पावसानं धुतलेल्या हवेत तो खरा आहे. कोबाल्ट निळ्याचा पातळ वॉश पुरतो. मार्च-एप्रिलमध्ये धूळ आणि वणव्याचा धूर असतो, तेव्हा दूरचा डोंगर पिवळट करडा होऊन आकाशात विरतो. तिथे येलो ऑकरमध्ये थोडा कोबाल्ट आणि किंचित लाइट रेड घालून आकाश ओलं असतानाच डोंगराची कड सोडावी. एप्रिलच्या चित्रात निळे डोंगर दिसले की चित्रकार घरी बसून काढतो, हे कळतं. कऱ्हाडकडच्या ऊसपट्ट्यात हिरव्याचं हेच होतं. ट्यूबमधला सॅप ग्रीन सगळीकडे फिरवला की शेत हिरवळीच्या चटईसारखं दिसतं. उन्हातल्या पात्याला लेमन येलोत कोबाल्टचा थेंब, सावलीला गॅम्बोज (गडद पिवळा) आणि अल्ट्रामरीन, आणि दोन्हींत किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे हिरवा बोंबलत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरातला तुरा पांढऱ्या रंगानं वरून काढू नये, कागद कोरा सोडावा.

कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून सप्टेंबरात चित्रकारांची रीघ लागते. इथली पहिली अडचण हवा. एप्रिलच्या उन्हात टाकलेला आकाशाचा वॉश पाच-सात मिनिटांत वाळतो, कासच्या धुक्यात तोच अर्धा तास ओला राहतो. घाई करून त्यावर दुसरा रंग ठेवला की पाणी मागे सरकून फुलकोबीसारखे डाग पडतात. वर हातानं कागद चाचपून बघू नये, बोटाचं तेल लागतं. कागद डोळ्यांच्या पातळीला तिरका धरावा. चकाकी पूर्ण गेली, की पुढे. त्यापेक्षा शहाणपणाचं म्हणजे क्वार्टर शीटचे, ११ बाय १५ इंचांचे, दोन कागद घेऊन जावेत आणि एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम करावं.

दुसरी अडचण गुलाबीची. तेरड्याचा तो रंग ऑपेरा पिंकनं हुबेहूब येतो, म्हणून सगळे तो वापरतात. त्यातला चमकणारा भाग उजेडात टिकत नाही. उन्हाच्या भिंतीवर टांगलेलं चित्र काही महिन्यांत फिकटतं आणि घेणारा चित्रकाराला फोन करतो. जुन्या धर्तीचा अलिझरिन क्रिमसनही उडतो. क्विनॅक्रिडोन जातीचा गुलाबी घ्यावा, त्याला किंचित अल्ट्रामरीन द्यावा. भडकपणा कमी, पण टिकाऊ. आणि फुलं एकेक करून काढायची नसतात. सोनकीचा पिवळा, सीतेच्या आसवांचा जांभळट निळा, गेंदाचा पांढुरका, हे पट्टे पट्टे असतात. पुढच्या चार इंचांत दहा-बारा फुलं नीट काढली की मागचं डोळा भरून घेतो. मधला जांभा दगड मात्र विसरू नका. लाइट रेड आणि बर्न्ट सिएनाच्या त्या ओल्या तुकड्याशिवाय पठार बागेसारखं दिसतं. ब्रश धुतलेलं पाणी तिथेच ओतू नये. कॅडमियम, कोबाल्टचे रंग असतात, ते बाटलीत भरून परत आणावं. बसायचं रस्त्याच्या कडेला. चांगल्या कोनासाठी तेरडा तुडवणाऱ्याला निसर्गचित्रकार म्हणवत नाही.

कागदाचं थोडक्यात. ३०० जीएसएमच्या खाली जागेवर काम करू नये, फुगतो. शंभर टक्के कॉटनचा महाग पडतो पण ओल धरून ठेवतो, दोनदा पुसलं तरी सोलत नाही. लगद्याचा स्वस्त कागद सरावाला ठीक. पावसाळ्यात मात्र महागाचाही मार खातो. सायझिंग, म्हणजे कागदाला दिलेली खळ, गेलं की रंग टीपकागदासारखा आत शोषला जातो आणि वॉशवर ठिपके उठतात. महाबळेश्वर-पाचगणीकडे राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, बंद ठेवावा. वापरण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकावा. लगेच आत गेला तर तो कागद पेन्सिलीसाठी ठेवावा.

मोबाइलवरच्या फोटोवरून चित्र काढणं पाप नव्हे. पण फोटो सावलीत काळं आणि आकाशात पांढरं करून ठेवतो. सावलीतला तो तांबूस उजेड त्यात नसतोच. शिवाय मोबाइलची मुख्य लेन्स रुंद असते. पुढची पायरी फुगते आणि अजिंक्यतारा टेकाड होतो. अशी चित्रं प्रदर्शनात शेजारीशेजारी लावली की एकाच हातची वाटतात. ‘जागेवर’ की ‘छायाचित्रावरून’ हे चित्राखाली यावं, त्यात कमीपणा काही नाही.

राहिली पार्श्वभूमी. ती विचारायचीच तर औंध संस्थानचं विचारा. सूर्यनमस्कारांसाठी ठाऊक असलेले तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा, धुरंधर यांची मूळ चित्रं आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प आहे. वेदांचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला राहिले तेही चित्रकार, आणि त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर पुढे राज्याचे कला संचालक झाले. दक्षिणेला कोल्हापुरात चित्रकार आबालाल रहिमान. १९३१ मध्ये गेले, पण कोटितीर्थाच्या काठची त्यांची चित्रं बघून अजून लोक पाणी काढायला शिकतात. पुस्तकातल्या छपाईवर विसंबू नये. मूळ तैलचित्रापुढे उभं राहिलं की उजेडावर रंगाचा थर जाड आणि सावलीत पातळ हे डोळ्यांना दिसतं. छपाईत दोन्ही सपाट.

शेवटी आपल्याकडच्या छपाईबद्दल दोन शब्द. चित्र काचेतून काढून, सावलीत किंवा ढगाळ उजेडात, फ्लॅश बंद करून, कॅमेरा कागदाला समांतर धरून टिपलं जावं. शेजारी पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवावी, म्हणजे आपल्या डेस्कला पांढरा कुठला ते कळेल आणि मेणवली निळी छापली जाणार नाही. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते, गडद भाग बुजतात. चित्रकारानं प्रत थोडी उजळ करूनच पाठवावी. आणि जागा कमी पडली तर चित्र लहान छापा, पण वरचं आकाश कापू नका. चित्रकारानं ते रिकामं सोडलेलं असतं ते काही सुचलं नाही म्हणून नव्हे. खालची ओळ अशी चालेल: ‘घाट, मेणवली. जलरंग, १५ बाय २२ इंच, कोल्ड प्रेस ३०० जीएसएम. जागेवर, डिसेंबर, सकाळी ८ ते १०.’ ‘मुक्त उधळण’ला लागते तेवढीच जागा लागेल, फार तर एक ओळ जास्त.

आपले,
सातारा-वाई परिसरातील काही निसर्गचित्रकार व कलाशिक्षक