पाच मिनिटांत येतो म्हणून कुत्र्याला गाडीत कोंडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की नागपूरकर बाहेर पडतात आणि आजकाल घरचे कुत्रे-मांजरही सोबत निघते. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला झाल्यापासून तर गाडी काढून जाणारेच जास्त. शेजाऱ्याच्या गळ्यात जनावर टाकून जाण्यापेक्षा हे केव्हाही बरे. पण नेण्याची तऱ्हा पाहिली की राहवत नाही.

मागे वर्धा रोडवरच्या एका मॉलच्या उघड्या पार्किंगमध्ये भर दुपारी एका गाडीत लॅब्रेडॉर दिसला. पुढच्या काचा बोटभर खाली. जीभ पार बाहेर, सीटच्या पाठीवर लाळ, काचेला आतून नाकाचे ओले ठसे. रक्षकाने माइकवरून गाडीचा नंबर पुकारला. मालक आले ते हातात आईस्क्रीमचा कोन घेऊनच, आणि आम्हालाच म्हणाले, "पाच मिनिटं तर झाले न भाऊ, काच उघडीच आहे!"

त्या बोटभर फटीने नावापुरताच फरक पडतो. ऊन काचेतून आत येते, डॅशबोर्ड आणि सीट तापतात, आणि आतला पारा जो काही चढायचा तो बहुतांश पहिल्या अर्ध्या तासातच चढतो. मे 2024 च्या अखेरीस रामदासपेठेतल्या हवामान यंत्राने 56 अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग ती यंत्राची चूक निघाली. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत मात्र तो आकडा सहज खरा ठरतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; ते धापा टाकून अंग थंड ठेवते आणि आत घेतलेली हवाच तापलेली असली की तोही उपाय संपतो. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे तर फारच लवकर बिघडते. कुत्रे झोकांड्या खाऊ लागले, हिरड्या लालभडक दिसल्या तर आधी सावलीत न्या, अंगावर साधे पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टर गाठा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात बळजबरीने पाणी ओतू नका.

चालत्या गाडीतही काही कमी हौस नसते. समृद्धीवर ताशी 120 च्या वेगात खिडकीबाहेर डोके काढलेले कुत्रे फोटोत छान दिसते. त्याच्या डोळ्यांत जाणारी धूळ फोटोत दिसत नाही. पुढच्या सीटवर मांडीवर बसवलेल्या जनावरावर एअरबॅग उघडली तर काय होईल, याचा विचार करावा. कुत्र्याला मागच्या सीटवर छातीपट्ट्याने बांधावे, गळपट्ट्याने नव्हे. ब्रेक लागला की मानेला हिसका बसतो. मांजर पिंजऱ्यातच हवे, कारण सुटे मांजर नेमके ब्रेकच्या पायाखाली शिरते. निघण्याआधी दोन-तीन तास खायला देऊ नये, पाणी मात्र द्यावे. थांबल्यावर आधी दोरी लावावी, मग दार उघडावे. आणि खाली उतरवण्यापूर्वी सिमेंटच्या रस्त्यावर स्वतःच्या हाताची मागची बाजू टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

विमानाचा मामला निराळा. काही कंपन्या जनावर नेतच नाहीत. ज्या नेतात त्यांचे वजनाचे आणि पिंजऱ्याचे नियम वेगवेगळे. म्हणून आपले तिकीट काढण्याआधीच फोन करून विचारावे. लसीकरणाचे पुस्तक आणि पशुवैद्यकाचा तब्येतीचा दाखला लागतोच. पिंजरा एवढा हवा की जनावराला आत उभे राहता, वळता आणि अंग टाकता यावे, आणि त्याची सवय आठवडे आधीपासून घरीच लावलेली असावी. झोपेची गोळी देऊन पाठवण्याचा सल्ला ओळखीचे लोक हमखास देतात. तो ऐकू नका. गुंगीत रक्तदाब आणि श्वास मंदावतो, तोल जातो, आणि वर आकाशात बघायला कोणी नसते. जनावर ठेवतात त्या सामानकक्षात हवेचा दाब आणि तापमान सांभाळलेले असते. खरा धोका सामान चढेपर्यंत तापलेल्या धावपट्टीजवळ वाट पाहण्यात आहे, म्हणून आपल्या सोनेगाव विमानतळावरून पहाटेचे किंवा रात्रीचेच विमान घ्यावे, तेही थेट. मोठ्या कुत्र्यासाठी मला विचाराल तर रेल्वेचा फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (दोन बर्थची बंद खोली) सर्वांत बरा. महाग पडतो, पण जनावर डोळ्यांसमोर असते.

कायदा आहे, नाही असे नाही. जनावराला यातना होतील अशा रीतीने नेणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. त्या गृहस्थांच्या हातातला कोन याहून महाग असावा.

हा दंड वाढेल तेव्हा वाढो. तोवर रस्ते विकास महामंडळाने समृद्धीवरच्या प्रत्येक थांब्यावर जनावरांसाठी एक टिनाचे शेड आणि एक नळ द्यावा. विमानतळावर पिंजरे विमानात चढेपर्यंत सावलीतच ठेवले जावेत. मॉलवाल्यांना तर कुणाच्या मंजुरीचीही गरज नाही: पार्किंगच्या पावतीवर 'गाडीत जनावर ठेवू नये' अशी ओळ छापावी आणि रक्षकांना गाडी आत घेतानाच मागच्या सीटवर नजर टाकायला सांगावे.

आपला,
एक श्वानपालक वाचक, नागपूर