वैशूस, निपाणीहून

चि. वैशूस अनेक आशीर्वाद.

परवा सांबरा विमानतळावर "अण्णा, आता पुरे" म्हणालीस, म्हणून फोनवर तुझ्या झोपेचा विषय काढत नाही. पत्राला मधेच तोडता येत नाही, एवढा फायदा.

घरी आलीस ती निम्मी झोपेतच होतीस. आत्ती म्हणाली, पोरगी उपाशी झोपली. मी म्हटलं, झोपू दे, कुंदा कुठं पळून जातोय?

मुंबईहून रात्रीची गाडी आणताना तवंदी घाटात पहाटे डोळे उघडे असतात, पण माणूस जागा नसतो. तुमच्या पायलटांच्या नियमातही रात्री दोन ते सहा हीच वेळ वाईट धरलीय, तूच सांगितलंस. मला निदान गाडी बाजूला लावून ढाब्यावर तोंड धुता यायचं.

मंगळूरचं 2010 चं विमान डोक्यातून जात नाही. दुबईहून आलेलं, सकाळी सहाच्या सुमारास पडलं, 158 माणसं गेली. कॅप्टन वाटेत दीड तासाहून जास्त झोपलेला, घोरणं कॉकपिटच्या टेपवर आलं. गाढ झोपेतून उठल्यावर डोकं लगेच चालत नाही, असं चौकशीत निघालं. शेजारचा को-पायलट "गो अराउंड", म्हणजे उतरू नका, परत वर घ्या, म्हणत होता. त्याच खुर्चीत आता तू बसतेस.

म्हणून सांगतो, अंग साथ देत नसेल तर ड्यूटीच्या आधीच फटीग, म्हणजे थकलेय, उडवणार नाही, असं लिहून द्यायचं. रोस्टरवाले तोंड वाकडं करतील, करू देत. आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास झाली, तेव्हा मीच जास्त खूश झालो. पण त्यातली निम्मी तू मोबाईलवर घालवतेस आणि... बघ, झालो परत सुरू. रागावू नकोस.

लहानपणी एअरफोर्सच्या कुंपणाला लटकून विमान दिसेपर्यंत हलायची नाहीस. पट्ट्यांचा युनिफॉर्म मिळाला तेव्हा आई गल्लीभर सांगत फिरली. मी नाही. मी फक्त डेपोत सांगितलं. सगळ्यांना.

लोनच्या हप्त्यासाठी जादा फ्लाइट घेऊ नकोस, खालच्या शेताचं यंदा बरं आहे. परवाची रात्रीची ड्यूटी झाली की मेसेज टाक, कितीही वाजू देत, मी जागाच असतो. नको, तसं नको. आधी झोप, मग टाक.

तुझे
अण्णा