ब्रिज मोड परत सुरू करून देण्याबाबत: चौथी लेखी तक्रार

दि. ६ ऑगस्ट
वाई, जि. सातारा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तुमच्या कॉल सेंटरचा फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसले. 'कंपनीच्या मोडेमला बाहेरचा राउटर चालतच नाही' हे वाक्य मला आज पाचव्यांदा ऐकवलं गेलं. ते खोटं आहे. माझ्याच घरात मार्च ते जुलै, सलग चार महिने तो चालला आहे.

मोडेम तुमचा आहे, तेव्हा ब्रिज मोडमध्ये मोडेम फक्त लाईन पुढे देतो आणि बाकी काम ग्राहकाचा राउटर करतो, हे मी तुम्हाला सांगत बसत नाही. कनेक्शन घेताना तुमच्या विक्री प्रतिनिधीने 'स्वतःचा राउटर लावा, आम्ही ब्रिज करून देतो' असा शब्द दिला होता. त्या शब्दावर मी साडेपाच हजारांचा राउटर घेतला. तुमचा टेक्निशियन आला, मोडेम ब्रिजला टाकला, पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेट लॉगिनचं, युजरनेम आणि पासवर्ड माझ्या राउटरमध्ये भरला, राउटरमध्ये लागणारा तुमच्या लाईनचा व्हीलॅन नंबर ऑफिसला फोन करून विचारला. सगळं मिळून दहा-बारा मिनिटांचं काम.

हौस म्हणून राउटर घेतलेला नाही. घर जुनं, भिंती काळ्या दगडाच्या, दीड हात रुंद. तुमची फायबर सोप्यात येते, मोडेम तिथेच भिंतीला आहे आणि त्याची रेंज स्वयंपाकघराच्या दारापाशी संपते. माझं काम माडीवर चालतं. मी बावीस व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्न बघते. आठवड्यातले तीन दिवस साताऱ्याला त्यांच्या दुकानांत असते आणि तिथून राउटरच्या व्हीपीएनवरून, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कशी होणाऱ्या सुरक्षित जोडणीवरून, घरच्या कॉम्प्युटरवरची टॅली उघडते. त्याचसाठी तुमच्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे कधीही न बदलणारा इंटरनेट पत्ता, घेतला आहे. त्याचे पैसे दर महिन्याला बिलात वेगळे लागतात आणि मी ते एकदाही थकवलेले नाहीत.

१४ जुलैच्या रात्री तुमच्याकडून मोडेममध्ये काहीतरी सेटिंग ढकललं गेलं. सकाळी उठले तर मोडेमचं स्वतःचं वाय-फाय, जे चार महिने बंद होतं, ते मोबाईलच्या यादीत दिसत होतं. मोडेम ब्रिजमधून निघून परत राउटर झाला होता. मी कशालाही हात लावलेला नव्हता. लावणार तरी कसा? मोडेमचा ॲडमिन पासवर्ड तुम्ही ग्राहकाला देतच नाही.

इंटरनेट आत्ता चालतं. माझा राउटर ऑटोमॅटिकवर टाकला, त्याचा आयपी बदलून मोडेमशी होणारी टक्कर मीच काढली, आणि व्हिडिओ, ईमेल, बँक सगळं लागतं. म्हणूनच तुमच्या माणसांना तक्रार कळत नाही. आता मोडेम आणि राउटर दोघंही आपापलं वेगळं नेटवर्क करतात, म्हणजे एका नॅटमागे दुसरा नॅट आहे, स्टॅटिक आयपी मोडेमवर येऊन थांबतो, आणि साताऱ्याहून केलेली जोडणी माझ्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. पोर्ट फॉरवर्ड करून ती मोडेममधून राउटरकडे वळवावी, तर त्या सेटिंगचं पान तुमच्या पासवर्डमागे कुलूपबंद. २० तारखेच्या रिटर्नच्या आठवड्यात मी भर पावसात तीन वेळा काम अर्धवट टाकून वाईला परत आले. तरी स्टॅटिक आयपीचे पैसे या बिलातही लागलेच आहेत.

१९ जुलैला तुमचा नवा टेक्निशियन आला. मोडेमचा हिरवा कनेक्टर उपसला, त्याचं टोक पॅंटला पुसलं आणि परत खोचलं. मीटरवर उणे १९ आलं, म्हणजे लाईन उत्तम आहे, आणि हे त्याने स्वतःच मला दाखवलं. मग माझी वायर पहिल्या पोर्टमधून काढून तिसऱ्यात घातली. तुमच्या या मोडेमचा पहिलाच पोर्ट गिगाबिटचा आहे, बाकीचे शंभरचे. २०० एमबीपीएसच्या प्लॅनवर ९४ यायला लागले. ते मी नंतर शोधून सरळ केलं. ब्रिजचं विचारल्यावर म्हणाला, 'आधी ओटीपी सांगा, मग बघतो.' ओटीपी दिला की तक्रार बंद होते हे मला माहीत आहे. मी दिला नाही. तक्रार तरीही बंद झाली, कारण: 'ग्राहकाच्या राउटरमध्ये दोष.'

आता आजचा फोन. मी पहिल्या वाक्यात ग्राहक क्रमांक दिला, दुसऱ्यात मोडेम ब्रिजला टाकून द्या म्हटलं. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, 'मॅडम, मिस्टर आहेत का घरात? त्यांना फोन द्या, त्यांना पटकन कळेल.'

मिस्टर शेतावर होते. कनेक्शन माझ्या नावावर आहे, बिल माझ्या खात्यातून जातं, राउटर मी लावला आहे. हे मी प्रतिनिधीला शांतपणे सांगितलं. उत्तर आलं, 'तसं नाही मॅडम, टेक्निकल विषय आहे म्हणून म्हटलं.' मी विचारलं, 'मोडेम आत्ता कोणत्या मोडला आहे, तुमच्या स्क्रीनवर दिसतंय का?' बराच वेळ काही नाही. मग, 'मोडेम बंद करून दहा सेकंदांनी चालू करा.' मोडेम खाली, मी माडीवर. माझ्या सासूबाई, वय एकाहत्तर, स्टुलाला धरून बटणापर्यंत गेल्या. 'आत्या, करा चालू,' मी वरून ओरडले. त्यानंतर मला अठरा मिनिटं होल्डवर ठेवलं. परत आल्यावर ते म्हणाले, 'आमच्याकडून सगळं ओके आहे. तुमचा राउटर दुकानदाराला परत द्या. तक्रार बंद करतोय.' मी 'बंद करू नका' म्हणत होते, तेवढ्यात मोबाईलवर तुमचा मेसेज आला: तक्रारीचं निवारण झालं आहे, आम्हाला किती स्टार द्याल?

मिस्टरांना फोन द्या! चौदा वर्षं हिशेबाचं काम करते, एवढा अपमान कोणी केला नव्हता. त्या कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे. कृपा करून तुम्ही स्वतः ऐका.

मोडेम ब्रिजला टाकून द्या. पीपीपीओईचा पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर लेखी द्या, आणि पुन्हा रात्रीत तुमचं सेटिंग येऊन ब्रिज जाणार नाही याची नोंद माझ्या खात्यावर करा. १५ जुलैपासूनचे स्टॅटिक आयपीचे पैसे परत करा. जमणार नसेल तर जमणार नाही असं कंपनीच्या ईमेलवरून लिहून द्या, कारण मार्चमध्ये ते जमलं होतं.

चारही तक्रारींचे डॉकेट नंबर सोबत जोडले आहेत. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तुमच्याच अपील प्राधिकरणाकडे मी सोमवारी अपील करणार आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही नोंद करेन. तिथेही हेच उत्तर मिळालं तर साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिकॉम कंपनीविरुद्ध तिथे दाद मागता येते हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

माझ्या सांगण्यावरून आळीतल्या तीन घरांनी तुमचं कनेक्शन घेतलं. मागच्या आठवड्यात चौथ्याने विचारलं आणि मी त्याला थांब म्हणाले. हे म्हणताना मला वाईट वाटलं, कारण तुमची लाईन खरोखर चांगली आहे, ऐन पावसातही तुटत नाही.

उद्या सकाळी अकरापर्यंत मी घरी आहे. टेक्निशियन पाठवाल तर ब्रिज करता येणारा पाठवा. ओटीपी मी साताऱ्याहून टॅली उघडून पाहिल्यावर देईन.

आपली ग्राहक
(ग्राहक क्रमांक व बिलाची प्रत सोबत)