नव्या वर्षात सावकाश ये

निफाड,
दि. ३ जानेवारी

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोनवर म्हणालास की ऑफिसातल्या वार्षिक उद्दिष्टांचा फॉर्म अजून कोरा आहे. बरोबरच्या सगळ्यांनी काही ना काही ठरवले आहे. कोणी मुंबईच्या मॅरेथॉनला नाव दिले आहे, कोणी पहाटे पाचला उठून नव्या परीक्षेच्या अभ्यासाला बसतो आहे, आणि तुला मात्र काहीच ठरवावेसे वाटत नाही. हे सांगताना तुझ्या आवाजात अपराधीपणा होता. चोरी पकडल्यासारखे बोलत होतास. ते मनाला लागून राहिले, म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे. फोनवर मी बोलू लागले की "हो आई" म्हणून तू विषय संपवतोस. कागदावरचे निदान सवडीने वाचशील.

माझे मत आधीच सांगते. ह्या जानेवारीत तू काहीही ठरवू नकोस. दसऱ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत तुमच्या त्या कामाने तुला रात्री झोपू दिले नाही. दिवाळीत घरी आलास तोही लॅपटॉप उघडा ठेवूनच जेवलास, आणि मध्येच ताप आला तर अंगावर शाल घेऊन मीटिंगला बसलास. काम पार पडले, तुझे कौतुक झाले, ह्याचा आम्हा दोघांना अभिमान आहे. पण ते ३१ डिसेंबरला संपले म्हणून १ जानेवारीच्या सकाळी तू ताजातवाना होऊन उठावेस, असे काही शरीराचे गणित नसते. भिंतीवरचे कॅलेंडर बदलायला एक खिळा पुरतो. थकवा उतरायला मात्र आठवडे लागतात.

आणि एका तारखेला सगळ्यांचे वर्ष सुरू होते, हे तरी कुठे खरे आहे? ज्यांच्याकडून ही १ जानेवारी आपल्याकडे आली, त्या इंग्लंडातसुद्धा १७५१ सालापर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. १७५२ पासून ते जानेवारीवर आले. आपल्या सरकारचे आर्थिक वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला सुरू होते. तलाठी-तहसील कचेरीचे महसुली वर्ष १ ऑगस्टला, व्यापाऱ्यांची नवी वही दिवाळीच्या पाडव्याला, शाळेचे वर्ष जूनमध्ये. भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ रोजी लागू झाली तेव्हा ती १ चैत्र, शके १८७९ पासून मोजली गेली. घराचे म्हणशील तर आपण गुढी उभारतो चैत्रात आणि त्या दिवशी आधी कडुनिंब तोंडात घालतो, मग गोड. म्हणजे जानेवारीत मागे राहिलास असे वाटत असेल, तर पुढे बसमध्ये चढायला इतके थांबे शिल्लक आहेत. मला तर असे वाटते की ज्याला जेव्हा उभारी येईल तेव्हा त्याने आरंभ करावा, एवढ्यासाठीच आपल्या लोकांनी इतके आरंभ राखून ठेवले असावेत.

आपल्या द्राक्षबागेचे वर्ष तर तू लहानपणापासून पाहिले आहेस; पण तेव्हा तू मणी खायला येत असायचास, म्हणून त्यातली जी गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली असेल ती लिहिते. सध्या थॉमसन जातीच्या घडांत पाणी उतरू लागले आहे, म्हणजे मणी मऊ होऊन भरू लागले आहेत. निफाडची थंडी तुला ठाऊकच आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा खाली गेला की तुझे वडील, नाना, पहाटे चारला उठून ठिबक सोडतात आणि बांधावर शेकोट्या पेटवतात, कारण कडक थंडीने मण्यांना तडे जातात. आज सकाळी मीही त्यांच्याबरोबर गेले होते. धूर जमिनीलगत पसरला होता, घडांना गुंडाळलेले कागद दवाने ओले होऊन मण्यांना चिकटले होते आणि नाना एकेक कागद बोटाने हलकेच सोडवून पाहत होते. म्हणजे सगळे जग जेव्हा नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत असते, तेव्हा आमचे वर्ष ऐन मध्यावर, सर्वांत नाजूक जागी असते.

मुख्य गोष्ट पुढे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल उतरला की नाना लगेच कात्री हातात घेत नाहीत. पंधरा-वीस दिवस, जमले तर महिनाभरसुद्धा, बागेला विश्रांती देतात. शेजारच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल की माल गेला आणि ह्यांनी बाग सोडून दिली. पण त्या दिवसांत हलके पाणी चालू असते, थोडे खत दिले जाते आणि वेलीवरची जुनी पाने अन्न तयार करून मुळांत, खोडात आणि ओलांड्यांत, म्हणजे मांडवावरच्या आडव्या फांद्यांत, साठवत असतात. घडांचा भार वाहून वेल रिकामी झालेली असते, तिला हा साठा पुन्हा करायचा असतो. ज्यांनी घाईने, माल उतरल्या उतरल्या एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या कापून टाकण्याची छाटणी, उरकली, त्यांच्या बागा पुढे मागेपुढे फुटलेल्या आणि अशक्त काड्यांच्या निघाल्या, हे आपल्या शिवारातही पाहायला मिळते. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञही छाटणीआधी विश्रांती द्या म्हणून शेतकऱ्यांना बजावतात.

खरड छाटणीनंतर नवी फूट येते, सहा-सात पानांवर शेंडा मारतात, आणि मे-जूनच्या सुमारास, छाटणीपासून साधारण चाळीस ते साठ दिवसांत, काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, आत पुढच्या वर्षीचा घड धरतो. बाहेरून पाहिले तर तिथे काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत नेतात, तिथे डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा कुठे कळते की घड कितव्या डोळ्यावर आहे. म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत बाजारात जाणारे पीक कित्येक महिने आधी, कोणाच्याही डोळ्यांना न दिसता ठरून गेलेले असते. त्या काळात नाना रोज बागेत जातात. मात्र घड दिसत नाही म्हणून कोणाही डोळ्याला जाब विचारत नाहीत. तुझ्याकडून आत्ता काही दिसत नाही ह्याची मला चिंता वाटत नाही, ती ह्यामुळेच.

शाळेत शिकवत असताना मीही हेच पाहत आले. जूनमध्ये शाळा उघडली की नवे पुस्तक पहिल्याच दिवशी सुरू करण्याची नव्या शिक्षकांना फार हौस असते. मुले सुट्टीतून आलेली असतात, काहींचे गाव बदललेले असते, पाढे विसरलेले असतात. पहिले काही आठवडे मागच्या इयत्तेची उजळणी करून घेतली, गाणी-गोष्टी करून मुलांना वर्गात रुळू दिले, की दिवाळीपर्यंत अभ्यासक्रम आपोआप रांगेत येतो. पुढे शासनाने सेतू अभ्यासक्रम म्हणून ह्याला रीतसर जागा दिली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मोठ्या माणसांच्या ऑफिसात अशी सोय का नसावी, हे मला कळत नाही.

आता सावकाश म्हणजे नेमके काय, हे तू विचारशील, कारण तुला प्रत्येक गोष्टीचा तपशील लागतो. सगळ्यात आधी झोप. पहाटे पाचचा गजर बंद कर. जानेवारीच्या मध्यापर्यंत पुण्यात सूर्य रोज थोडा थोडा उशिराच उगवत जातो, सात वाजून गेल्यावर वर येतो. संध्याकाळ मात्र डिसेंबरपासूनच लांबू लागलेली असते. तेव्हा फिरायला जायचेच असेल तर संध्याकाळी वेताळ टेकडीवर जा, आणि ते पावले मोजणारे घड्याळ खोलीवर काढून ठेव. अमुक किलोमीटर झाले की नाही हे पाहायला जाऊ नकोस. दम लागला तर बस, अंधार पडायच्या आत उतर. खोलीवर आठवड्यातून दोन-तीनदा स्वतःच्या हाताने साधे जेवण कर. सध्या मंडईत ओला हरभरा, पावटा, वांगी, गाजरे भरपूर आहेत. बाजरीचे पीठ मी पाठवलेच आहे. भाकरी गोल झाली नाही तरी ती भाकरीच असते.

दुसरे असे की मागच्या वर्षात ज्या गोष्टी राहून गेल्या त्या ह्या महिन्यात हळूहळू उरक. दाढ दुखते म्हणून तीन-चार महिने तू पुढे ढकलतो आहेस, ती डॉक्टरांना दाखव. ज्या मित्राच्या लग्नाला तुला जाता आले नाही त्याला भेटून ये. ह्यांना कोणी उद्दिष्ट म्हणणार नाही आणि फॉर्मवरही त्यांना रकाना नसतो. पण मनावरचा भार बहुतेक वेळा अशाच राहिलेल्या कामांचा असतो, असा माझा अनुभव आहे.

एक मात्र स्पष्ट लिहिते, नाहीतर तू माझे पत्र मोबाइल घेऊन लोळायला परवानगी म्हणून वापरशील. रात्री एक वाजेपर्यंत पडद्यावर बोट फिरवत राहणे ही विश्रांती नाही. त्यात तर दुसऱ्यांचे संकल्पच तुझ्या डोळ्यांसमोरून एकामागून एक जात राहतात, आणि तू आडवा असूनही धावत असतोस. बागेला विश्रांती देतात तेव्हाही पाणी तोडून टाकत नाहीत, हे वर लिहिलेच आहे. ज्यांना १ जानेवारीला आरंभ करून खरोखर बळ येते त्यांचे मला कौतुकच आहे. तुझ्याबरोबरची मुले मॅरेथॉन धावणार असतील तर त्यांना मनापासून शुभेच्छा दे आणि तुझे नाव त्यात नाही ह्याचे वाईट वाटून घेऊ नकोस.

ऑफिसचा तो फॉर्म कोरा ठेवून चालणार नाही, हे मलाही समजते. तिथे तुझ्या नेहमीच्या कामातली जी गोष्ट तुला येते आणि जी तू तसेही करणारच आहेस, ती एकच नीट शब्दांत लिही. मोठे शब्द घालू नकोस, दुसऱ्याचा फॉर्म पाहून भरू नकोस. पुढे मार्च-एप्रिलमध्ये काही नवे शिकावेसे वाटले तर तेव्हा साहेबांना सांगता येईल. माणसाने वर्षाच्या तिसऱ्या दिवशी बारा महिन्यांचे वचन लिहून द्यावे आणि मग बारा महिने त्या कागदाला घाबरून राहावे, हे मला मुळीच पटत नाही.

घरच्या बाजूनेही तुला निश्चिंत करायचे आहे, कारण दडपण फक्त ऑफिसातूनच येते असे नाही. बागेचे पीककर्ज आमचे आम्ही पाहू. ह्या वर्षी घड चांगले आहेत, भाव साधारण जरी मिळाला तरी भागेल. तू दरमहा पाठवतोस ते पैसे दोन महिने पाठवू नकोस, स्वतःकडे ठेव, आणि त्यातून काही गुंतवायलाच हवे असेही नाही. लग्नाचा विषय गुढीपाडव्यापर्यंत ह्या घरात कोणी काढणार नाही, असे नानांचे आणि माझे ठरले आहे. नाशिकच्या आत्यांनाही मी तसे सांगितले आहे. त्या थोड्या नाराज झाल्या, पण ऐकतील. आणि नाना तुला फोनवर "मग, काय नवीन?" असे विचारतात तेव्हा त्यांना पगारवाढ किंवा बढतीची बातमी नको असते. त्यांना बोलायला दुसरे वाक्य सुचत नाही, एवढेच. तू जेवलो म्हणून सांगितलेस तरी ते दिवसभर खुशीत असतात.

संक्रांतीला यायला जमले तर भोगीच्या आदल्या रात्रीच ये. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी, मुगाची खिचडी आणि लोणी, सगळे वेळेवर तयार असेल. शनिवार-रविवार जोडून रजा मिळत असेल तर दोन दिवस जास्त राहा. बागेत तुझ्यासाठी काही काम काढणार नाही, असे नानांकडून कबूल करून घेतले आहे. रजा मिळाली नाही तर त्यासाठी भांडू नकोस. तिळाच्या वड्या आणि गुळाची ढेप मी पुण्याला येणाऱ्या कोणाबरोबर तरी देईन. दाढ कधी दाखवतोस तेवढे मात्र कळव, आणि थंडी आहे तोवर कानाला मफलर गुंडाळत जा.

तुझी,
आई