कॉलेजच्या वायफायवर टॉरेंट नको

जळगाव वसतिगृहातल्या सर्वांसाठी.

काल रात्री लॅबमधल्या एका पीसीवर टॉरेंट (नेटवरून फाईल उतरवायचं सॉफ्टवेअर) चालू सापडलं. टॉरेंटमध्ये फाईल उतरत असतानाच तिचे तुकडे आपल्याकडून इतरांना जातात, म्हणजे वाटणारे आपणच ठरतो. कॉपीराइट असलेलं पुस्तक किंवा सिनेमा असा परवानगीशिवाय वाटणं म्हणजे कायद्याचं उल्लंघन. कॉपीराइट कायदा 1957, कलम 63: जाणूनबुजून उल्लंघन केल्यास 6 महिने ते 3 वर्षे कैद, 50 हजार ते 2 लाख रुपये दंड.

• सोमवारी सकाळी 11 वाजता लॅपटॉप घेऊन लॅबमध्ये या. टॉरेंट काढून टाकू.
• ग्रुपवर अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ टाकू नका.

चोपडा, शिरपूरहून नवीन आलेल्या मुलांना हे कुणी सांगितलेलं नसतं. सीनियर्सनी आजच सांगा, प्लीज. पुस्तक परवडत नसेल तर ग्रंथालयात मागा, लाजू नका.