मांड्या भरल्या म्हणून पोरांना डबे विकू नका

संपादक साहेब, नमस्कार,

आमच्या येळ्ळूर भागातली पोरं सध्या पहाटे पाचलाच रोडवर असतात, बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर असल्यामुळं भरतीचं वेड आमच्याकडं घराघरात आहे आणि मला त्याचा अभिमानच आहे. पण मागच्या महिन्यात माझा पुतण्या राजहंसगड चढला आणि पळत खाली आला, दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कठडा धरून तिरका होऊन एकेक पायरी उतरतोय, मांड्या नुसत्या भरून आलेल्या. संध्याकाळी घरात डबा आला, रिकव्हरीची पावडर, बीसीएए, 2,400 रुपये! दुकानदार म्हणाला म्हणे, पायात लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय, हे प्यायलं की निघून जातं. पुतण्याचे वडील सेंट्रिंगच्या कामावर जातात हो.

मी पंधरा वर्षं तालमीत घालवलीत, म्हणून राहवलं नाही. लॅक्टिक अ‍ॅसिड व्यायाम थांबल्यावर तासा-दोन तासात रक्तातून कमी होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. उतारावर पळताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यानं त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि सूज येते, ते 24 ते 72 तास जास्त ठणकतं आणि मग आपोआप उतरतं. आमचे वस्ताद बैठकांनी पाय भरले की दुसऱ्या दिवशी हलक्या पन्नास मारायला लावायचे, आणि तेच बरोबर होतं, कारण तोच व्यायाम पुन्हा केला की पुढच्या वेळी दुखणं कमी येतं.

बीसीएए म्हणजे तीनच अमिनो अ‍ॅसिड, प्रोटीन ज्यांचं बनतं ते घटक. स्नायू बांधायला अत्यावश्यक अशी नऊ लागतात, आणि ती तीन तर दुधात, अंड्यात, डाळीत असतातच की. काही अभ्यासात दुखणं थोडं कमी झालेलं दिसतं, नाही असं नाही, पण ज्याच्या पोटात पुरेसं प्रोटीन जातंय त्याला त्याचा फारसा उपयोग नाही. एका अंड्यात 6 ग्रॅम, पाव लिटर दुधात 8 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं, 2,400 रुपयात किती अंडी येतील तुम्हीच हिशोब करा. आयसीएमआरच्या हैदराबादच्या पोषण संस्थेनं सुद्धा 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत अंग कमवायला प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच सांगितलंय. क्रिएटिन म्हणून दुसरी एक पावडर मिळते, तिच्यावर भरपूर संशोधन झालंय, ताकदीसाठी तिचा उपयोग होतो हे मी नाकारत नाही, पण ती सुद्धा डॉक्टरला विचारून घ्यावी.

मला जास्त भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. काही पोरं ग्राउंडवर जायच्या आधी उपाशीपोटी पेनकिलर गिळतात, वरून पाणी कमी पितात, ह्यात किडनीची वाट लागू शकते. आणि अति व्यायामानंतर लघवी कोकसारखी काळपट झाली तर घरी मालिश करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण स्नायू फुटून त्यातला माल किडनीत अडकतो.

तुमच्या पेपरात भरतीच्या बातम्या येतात, पोरं त्या कापून ठेवतात, तर त्याच पानावर एखाद्या डॉक्टरांकडून खाणं, झोप आणि ह्या डब्यांबद्दल चार ओळी लिहून घ्या, एवढी कळकळीची विनंती.

आपला,
एक जुना पैलवान, येळ्ळूर